खेळाडूचे बळ: ते कसे कमवावे?

जून महिना उजाडला की पाठ्यपुस्तके, वह्या व गणवेश यांच्या यादीत हल्ली आणखी एक बाब येऊन बसते, ती म्हणजे मुलांच्या खेळाचा वर्ग. खेळाचे नाव काढताच अभ्यास बुडेल म्हणून कपाळाला आठ्या घालणारी पिढी मागे पडली, आणि आपल्या मुलाने वा मुलीने एखाद्या खेळात नाव काढावे अशी इच्छा धरणारे पालक सुशिक्षित घरांतून दिसू लागले, ही संतोषाची गोष्ट होय. बॅट उत्तम हवी, बूट चांगले हवेत, शिकविणारा नामांकित हवा, याविषयी हे पालक अत्यंत दक्ष असतात. परंतु ज्या देहाने खेळावयाचे, तो देह त्या खेळाचा भार सोसण्यास सिद्ध आहे काय, हा प्रश्न फारच थोड्यांच्या मनास शिवतो. घराच्या रंगाची चर्चा महिनाभर करावी आणि पायाची खोली मोजावयाची राहून जावी, तसाच हा प्रकार आहे.

या विषयात दोन समजुती विशेष रूढ आहेत. पहिली अशी की, खेळ खेळल्याने बळ आपोआप येते, त्यासाठी निराळे काही करावे लागत नाही. दुसरी अशी की, वजने उचलल्याने अंग जड होते, चपळाई जाते व वाढत्या वयाच्या मुलांची उंची खुंटते. या दोन्ही समजुती चुकीच्या आहेत, व त्यांपायी पुष्कळ होतकरू मुलांचे नुकसान होते, असे आमचे मत आहे. ते मत कशाच्या आधारावर आहे, हे सांगण्यासाठीच हा लेख आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहो.

आपल्या तालमींचे शहाणपण

खेळ निराळा व खेळासाठी कमवावयाचे बळ निराळे, हा भेद आपल्या जुन्या तालमींस पक्का ठाऊक होता. तेथे 'मेहनत' व 'लढत' हे दोन शब्दच वेगळे आहेत. जोर, बैठका व सपाटे काढणे, करेल्याची जोडी फिरविणे, गदा फिरविणे, दोर चढणे, फावड्याने हौद्यातील माती खणणे ही झाली मेहनत. आणि जोडीदाराबरोबर खडाखडी करून डाव घोटणे ही झाली लढत. केवळ कुस्त्या लढून कोणी मल्ल होतो, असे कोणत्याही वस्तादाने कधी मानले नाही. माती खणण्याचे काम पाहणाऱ्यास मजुरीसारखे वाटते. परंतु त्यात कंबर, मांड्यांची मागील बाजू, पाठ व पकड ही सारी एकाच वेळी राबतात, आणि प्रतिस्पर्ध्यास उचलताना नेमकी हीच अंगे कामास येतात.

मल्लखांबाचीही हकीकत अशीच आहे. दुसऱ्या बाजीराव पेशव्यांच्या पदरी असलेल्या बाळंभटदादा देवधर यांनी या विद्येचे पुनरुज्जीवन केले, हे सर्वश्रुत आहे. आज मल्लखांबाच्या स्वतंत्र स्पर्धा होतात. परंतु मुळात तो मल्लाच्या पूर्वतयारीचे साधन होता, हे त्याच्या नावावरूनच स्पष्ट होते. खांबास प्रतिस्पर्धी कल्पून त्यास तिढी घालावयाची, कवटाळावयाचे, त्यावरून सुटावयाचे आणि पुन्हा पकडावयाचे. म्हणजे जे बळ कुस्तीत लागते तेच बळ, आणि ज्या ढंगाने लागते त्याच ढंगाने कमवावयाचे. हल्लीचे क्रीडाशास्त्र या तत्त्वास विशिष्टतेचे तत्त्व म्हणते. बडोद्याच्या दत्तात्रय चिंतामण करंदीकर-मुजुमदार यांनी व्यायाम ज्ञानकोशाचे दहा खंड सिद्ध केले, त्यांवर नुसती नजर फिरविली तरी आपल्याकडे या विषयाचा केवढा पसारा होता, याची कल्पना येते.

येथे कोणी विचारील की, पूर्वीचे लोक कोठे तालमीत जात होते, तरी ते काटक होतेच ना? प्रश्न योग्य आहे, आणि त्याचे उत्तर उद्बोधक आहे. १९१९ साली पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या शर्यती सर दोराबजी टाटा यांनी पाहिल्या. धावणाऱ्यांत दख्खनचे शेतकरी होते. ते अनवाणी धावत होते, आणि शास्त्रीय शिक्षणाचा त्यांस गंधही नव्हता. तरीही त्यांच्या वेळा युरोपातील धावपटूंच्या वेळांपासून फार दूर नव्हत्या, हे पाहून टाटांनी पुढाकार घेतला आणि १९२० च्या अँटवर्प येथील ऑलिंपिक सामन्यांस हिंदुस्थानातून खेळाडू गेले. त्यांत बेळगावचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉन शर्यतीत १९ वे आले. या शेतकऱ्यांचे बळ आकाशातून पडलेले नव्हते. नांगर, मोट, डोक्यावरचे ओझे आणि कोसांची पायपीट यांनी ते वर्षानुवर्षे कमावलेले होते. आजचा शाळकरी मुलगा सकाळी गाडीत बसतो, दिवसभर बाकावर बसतो, सायंकाळी शिकवणीस बसतो आणि रात्री पडद्यापुढे बसतो. जे बळ जीवनक्रमातूनच मिळत होते ते मिळेनासे झाले. तेव्हा ते हेतुपुरस्सर कमवावे लागणार, हे ओघानेच आले.

मातीवरून गादीवर

आता एक थोर उदाहरण घेऊ. कराडजवळच्या गोळेश्वर गावी १९२६ साली जन्मलेले खाशाबा जाधव यांचे नाव कोणास ठाऊक नाही? १९४८ साली लंडन येथील ऑलिंपिक सामन्यांत त्यांचा सहावा क्रमांक आला. सारी हयात मातीत घालविलेल्या या मल्लास तेथे गादीवर, परक्या नियमांनी लढावे लागले. मातीत पाय रुततो, घसरतो, हालचाल आस्ते होते. गादीवर पाय चटकन उचलतो व गतीचे मोल वाढते. बळ तेच, परंतु ते प्रकट करण्याची रीत निराळी. पुढील चार वर्षे त्यांनी या नव्या रीतीचा कसून अभ्यास केला, आणि १९५२ साली हेलसिंकी येथे कांस्यपदक मिळविले. स्वतंत्र भारतास वैयक्तिक खेळात मिळालेले हे पहिले ऑलिंपिक पदक. असे दुसरे पदक १९९६ साली लिअँडर पेस यांनी टेनिसमध्ये मिळवीपर्यंत मध्ये ४४ वर्षे लोटली, यावरून त्या पराक्रमाचे माप घ्यावे.

या चरित्रापासून बलसंवर्धनाच्या विद्यार्थ्याने दोन बोध घ्यावे. मातीतील मेहनतीने बांधलेला पाया नसता, तर गादीवरील कौशल्य कशावर उभे राहिले असते? आणि गादीवरील विशेष अभ्यास नसता, तर तो मजबूत पाया नुसताच पाया राहिला असता. आधी सामान्य बळ, मग त्या त्या खेळास लागणारे विशेष बळ, हा क्रम उलटवून चालत नाही.

बळ वाढते कसे?

बळ वाढविण्याच्या शास्त्राचे मर्म एका प्राचीन ग्रीक कथेत आले आहे. क्रोटोन नगरीचा मायलो नावाचा मल्ल इसवी सनापूर्वी सहाव्या शतकात होऊन गेला. तो एक वासरू रोज खांद्यावर घेऊन चाले. वासरू वाढत गेले, तसतसे मायलोचे बळही वाढत गेले, आणि अखेरीस तो पूर्ण वाढलेला बैल वाहू लागला, अशी ती कथा आहे. कथेतील अतिशयोक्ती सोडून द्यावी. तत्त्व खरे आहे. भार क्रमाक्रमाने वाढला पाहिजे.

या तत्त्वास गणिताची शिस्त लावण्याचे श्रेय थॉमस डीलॉर्म या अमेरिकन वैद्यास द्यावे लागेल. दुसऱ्या महायुद्धात जायबंदी होऊन आलेल्या सैनिकांचे पाय बरे करीत असता, हलक्या व्यायामाच्या असंख्य आवृत्त्यांपेक्षा जड भाराच्या थोड्या आवृत्त्यांनी बळ लवकर परत येते, असे त्यांस आढळले. व १९४५ साली त्यांनी ही पद्धत प्रसिद्ध केली. पुढे तिला जे रूप आले ते असे. रोगी जो भार नेमका दहा वेळा उचलू शकतो, तो आधी ठरवावयाचा. समजा, तो २० किलो आहे. मग पहिल्या दहा आवृत्त्या त्याच्या निम्म्याने म्हणजे १० किलोने, दुसऱ्या दहा पाऊणपटीने म्हणजे १५ किलोने, आणि तिसऱ्या दहा पूर्ण २० किलोने करावयाच्या. २० किलो दहापेक्षा अधिक वेळा उचलले जाऊ लागले, की भार वाढवावयाचा. आज जगभर व्यायामशाळांतून जी पद्धत चालते, तिचा मूळ सांगाडा हाच आहे.

आता आपल्या बैठकांचा विचार या दृष्टीने करून पाहा. पंचवीस बैठका काढताना ज्याची दमछाक होते, त्याच्या पायांचे बळ बैठकांनी निःसंशय वाढते. पण तोच मुलगा जेव्हा सहज पाचशे काढू लागतो, तेव्हा त्यापुढील पाचशेंनी दमसास वाढतो. बळ मात्र फारसे वाढत नाही. कारण प्रत्येक बैठकेत पायांवर पडणारा भार तोच राहिलेला असतो. जुन्या तालमींतही पुढे जोडीदारास खांद्यावर घेऊन बैठका काढीत, जड गदा घेत, दगडी नाल उचलीत. संख्या न वाढविता भार वाढविण्याचीच ती युक्ती होती.

आणखी एक गोष्ट पालकांनी ध्यानात ठेवावी. पहिल्या काही आठवड्यांत बळ वाढते, पण स्नायू फुगलेले दिसत नाहीत. त्यामुळे आरशात पाहून निराश होणारे तरुण पुष्कळ. वस्तुतः या काळात मज्जासंस्था शिकत असते. स्नायूतील तंतू गटागटांनी बांधलेले असतात. लहान गट आधी कामास लागतात व मोठे, जोरकस गट मोठ्या प्रयत्नाच्या वेळीच जागे होतात, हे एलवुड हेनेमन या शास्त्रज्ञाने दाखवून दिले. जड भाराच्या सरावाने हे मोठे गट अधिक संख्येने व अधिक त्वरेने हजेरी लावू लागतात. वर्गातील मागच्या बाकांवरच्या मुलांस बोलते करावे, तसेच हे काम आहे. वर्गातील मुले तीच, पण उत्तरे देणारी वाढतात. लहान वयात तर मुख्यत्वेकरून हाच फायदा होतो, आणि तो मुळीच हलका नाही.

अंग जड होते काय?

बळाने चपळाई जाते, या शंकेचा आता विचार करू. स्नायू जितक्या वेगाने आखडतो, तितका त्याचा जोर कमी पडतो, हा नियम ए. व्ही. हिल या नोबेल-पुरस्कृत शास्त्रज्ञाने १९३८ साली मांडला. चेंडू फेकणे, उडी मारणे, खो मिळताच पाटीवरून उसळून धावणे या साऱ्या क्रियांत वेग व जोर यांचा गुणाकार उपयोगी पडतो. ज्याचा मूळ जोर मोठा, त्यास त्याच वेगाने अधिक जोर लावता येतो. मात्र केवळ जड भारच हळूहळू उचलीत राहिले आणि धावणे, उड्या, फेक यांचा सराव सोडला, तर वेगास कोण विचारणार? दोष बळाचा नव्हे, एकांगी सरावाचा आहे.

लांब पल्ल्याच्या धावकांस तरी बळ कशास हवे, असेही विचारले जाते. १९९९ साली फिनलंडमधील संशोधकांनी नामांकित धावकांवर नऊ आठवडे प्रयोग केला. एका गटाच्या एकंदर सरावापैकी सुमारे एकतृतीयांश भाग कमी करून त्या जागी उड्या, छोट्या वेगवान धावा व हलक्या वजनांचे झटक्याचे व्यायाम घातले. त्यांच्या शरीराची प्राणवायू वापरण्याची कमाल शक्ती वाढली नाही. तरीही पाच किलोमीटरची त्यांची वेळ सुधारली. पाऊल जमिनीवर पडून पुन्हा उचलण्याचे काम ते अधिक काटकसरीने करू लागले होते. काटकसरीची महती आमच्या वाचकांस निराळी सांगावयास नकोच!

दुखापतीचा प्रश्न

आतापर्यंत बळाने खेळ कसा सुधारतो ते पाहिले. परंतु बळाच्या अभावी काय घडते, हे त्याहून महत्त्वाचे आहे.

धावताना दर पावलास शरीरभाराच्या दोन ते तीनपट भार एकेका पायावर पडतो. म्हणजे ५० किलो वजनाचा मुलगा धावताना एका पायावर १०० ते १५० किलो झेलतो, आणि तेही मिनिटास शंभराहून अधिक पावले टाकून! जलद गोलंदाजाचा पुढचा पाय आपटतो तेव्हा हा भार शरीरभाराच्या पाचपट वा त्याहूनही अधिक होतो. दहा किलोचे वजन हातात दिले तर मुलास इजा होईल, अशी ज्यांस धास्ती वाटते, त्यांनी हे आकडे एकवार पाहावे.

आमच्या शाळेत पंधरा वर्षांचा एक होतकरू गोलंदाज होता. सकाळी एका वर्गात, दुपारी शाळेच्या संघात व रविवारी तिसऱ्याच संघात तो चेंडू टाकी. त्याच्या वेगाचे सर्वांस कौतुक होते. तिन्ही ठिकाणची मिळून षटके किती होतात, हे मात्र कोणीच मोजीत नव्हते. पाठ दुखू लागली तेव्हा तेल चोळण्यात आले. दोन महिन्यांनी वैद्यकीय तपासणी झाली, तेव्हा कमरेच्या मणक्यास ताणाने भेग गेलेली आढळली. जवळजवळ वर्षभर चेंडू हातात घ्यावयाचा नाही, असे निक्षून सांगण्यात आले. त्या मुलाचा चेहरा त्या दिवशी जसा झाला, तसा परीक्षेत नापास झालेल्या मुलाचाही झालेला आम्ही पाहिला नाही. जलद गोलंदाजी करणाऱ्या किशोरवयीन मुलांत ही दुखापत विशेष आढळते, आणि म्हणूनच इंग्लंड व ऑस्ट्रेलिया येथील क्रिकेट मंडळांनी वयोमानाप्रमाणे षटकांच्या मर्यादा आखून दिल्या आहेत. पालकांस आमची आग्रहाची विनंती आहे की, त्यांनी एक वही घालावी व मुलाने दर आठवड्यास किती चेंडू टाकले, ते तीत लिहून ठेवावे. दुधाचा हिशेब ठेवणाऱ्या घरास हे अवघड नाही.

पूर्वतयारीचा उपयोग किती, याचेही प्रमाण आहे. फुटबॉलच्या जागतिक संघटनेने धावणे, तोल, उड्या व पाय-कंबरेचे बळ यांचा सुमारे वीस मिनिटांचा '११+' नावाचा कार्यक्रम सिद्ध केला. नॉर्वेतील फुटबॉल खेळणाऱ्या तरुण मुलींवर त्याचा मोठा प्रयोग झाला व २००८ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ज्या संघांनी तो कार्यक्रम चालविला, त्यांत एकूण दुखापती सुमारे एकतृतीयांशाने कमी आढळल्या. सराव सुरू होण्यापूर्वीच्या वीस मिनिटांनी एवढे साधत असेल, तर ती वीस मिनिटे कोणी का वाचवावी?

मुलांची उंची आणि मुलींचे बळ

वजनांनी उंची खुंटते, या समजुतीस शास्त्राचा आधार नाही. योग्य देखरेखीखाली, योग्य रीतीने केलेला बलवर्धक व्यायाम मुलांस सुरक्षित व हितकर आहे, असे अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने स्पष्ट सांगितले आहे. मात्र 'योग्य' या शब्दाकडे डोळेझाक करू नये. किशोरवयीन मुलाने आपण जास्तीत जास्त किती वजन उचलतो याची मित्रांशी पैज मारणे, शिकविणारा नसता जड दांडी घेणे, या गोष्टी सर्वथा वर्ज्य आहेत. प्रथम रीत, मग आवृत्त्या, शेवटी भार, हा क्रम राखावा. अक्षर वळणदार झाल्यावाचून आम्ही कोणास भरभर लिहू देत नसू, तसेच हे आहे.

मुलींच्या बाबतीत तर आणखीच संकोच दिसतो. वजने उचलली तर मुलगी पुरुषी दिसू लागेल, ही भीती निराधार आहे. पुरुषी स्नायूंस कारण होणारे अंतःस्राव स्त्रीच्या शरीरात फारच अल्प असतात. उलट, एकाएकी थांबावे, वळावे, उडी मारून उतरावे अशा खेळांत मुलींच्या गुडघ्याचा बंध तुटण्याचे प्रमाण मुलांपेक्षा बरेच अधिक असते, व पाय-कंबरेच्या बळकटीने ते कमी करता येते. म्हणजे बलवर्धनाची गरज मुलींस अधिकच आहे. २०२५ च्या जानेवारीत दिल्ली येथे खो-खोची पहिली विश्वचषक स्पर्धा झाली आणि भारताच्या महिला व पुरुष या दोन्ही संघांनी ती जिंकली. महिला संघाची नायिका प्रियंका इंगळे ही महाराष्ट्राचीच. खो-खोत बसून उठणे, झेपावणे व दिशा बदलणे क्षणोक्षणी चालते. तो खेळ ज्या मुलींनी उत्तम खेळावा अशी आपली इच्छा आहे, त्यांस त्यासाठी लागणारे पाय कमावू देण्यास आपण का कचरावे?

आठवड्याची आखणी

खेळात नव्याने पडलेल्या चौदा-पंधरा वर्षांच्या मुलामुलींसाठी आठवड्यातून दोन, फार तर तीन दिवस बलवर्धनास पुरेत. दोन दिवसांमध्ये निदान एक दिवसाचे अंतर असावे. प्रारंभी पाच-दहा मिनिटे हलके धावून व सांधे फिरवून अंग तापवावे. नंतर पुढील सहा प्रकार करावे.

बसून उठणे, म्हणजे बैठका. कमरेतून वाकून ओझे उचलणे. यात पाठ सरळ राहिली पाहिजे. ढकलणे, म्हणजे जोर. ते न साधल्यास आरंभी भिंतीवर वा बाकावर हात टेकून करावे. ओढणे, म्हणजे आडव्या दांडीस लोंबकळून वर येणे अथवा दोर चढणे; घरोघरी हाच प्रकार हटकून राहून जातो. दोन्ही हातांत समान भार घेऊन ताठ चालणे. पाण्याच्या दोन बादल्या यास उत्तम. आणि शेवटी मऊ जमिनीवर थोड्या उड्या. यात उतरताना गुडघे आत वळू नयेत, आवाज होऊ नये.

प्रत्येक प्रकाराच्या आठ ते पंधरा आवृत्त्या, प्रथम एक फेरी व पुढे दोन-तीन. पंधरा आवृत्त्या सुरेख रीतीने सहज होऊ लागल्या, की भार पाच ते दहा टक्के वाढवावा. रीत बिघडली, की ती आवृत्ती मोजू नये व तेथेच थांबावे. हृदयविकार, दमा वा अन्य व्याधी असल्यास आधी वैद्याचा सल्ला घ्यावा. स्पर्धेच्या ऋतूत भार थोडा उतरवावा, परंतु व्यायाम मुळीच बंद करू नये. कष्टाने मिळविलेले बळ काही आठवड्यांच्या आळसाने ओसरू लागते.

विश्रांती, निद्रा आणि आहार

'व्यायाम' या शब्दाचा धातू 'यम्'. त्यात विस्ताराचा अर्थ आहे, तसा आवरण्याचाही आहे. हा दुसरा अर्थ अलीकडे विसरला जातो. सुश्रुत व वाग्भट यांनी बलार्धाने, म्हणजे निम्म्या शक्तीने व्यायाम करावा असे सांगितले असून, तोंडाने श्वास चालू होणे ही सुश्रुताने त्याची खूण दिली आहे. आजच्या खेळाडूस काही दिवस ही मर्यादा ओलांडावी लागते, हे खरे. परंतु श्रमाने बळ वाढत नाही, श्रमानंतरच्या विश्रांतीत ते वाढते. श्रमाने स्नायू तात्पुरता क्षीण होतो. निद्रा व अन्न मिळाले, की तो भरून येतो व पूर्वीपेक्षा थोडा अधिक समर्थ होतो. भरून येण्यापूर्वीच पुन्हा पुन्हा श्रम दिले, तर तो उतरत जातो. म्हणून जड दिवसानंतर हलका दिवस ठेवणे हाच त्या प्राचीन उपदेशाचा आजचा अर्थ, असे आम्ही समजतो. किशोरवयात आठ ते दहा तास झोप हवी. पहाटे पाचला मैदानावर जाणाऱ्या मुलास रात्री बारापर्यंत अभ्यासास बसविणे, म्हणजे एका हाताने देऊन दुसऱ्याने काढून घेणे होय.

आता आहार. शाकाहारी घरांतून खेळाडू निपजणे कठीण, असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. हिशेबच करून पाहू. सामान्य माणसास शरीरभाराच्या दर किलोस सुमारे ०.८३ ग्रॅम प्रथिने लागतात. कसून व्यायाम करणाऱ्यास १.४ ते २ ग्रॅम. ५० किलोच्या मुलास दिवसास निदान ७० ग्रॅम हवीत. अर्धा लिटर दुधातून सुमारे १६, दोनशे ग्रॅम दह्यातून ७, साठ ग्रॅम डाळी व उसळीच्या कडधान्यांतून १३, मूठभर म्हणजे पन्नास ग्रॅम शेंगदाण्यांतून १२, आणि पोळी-भाकरीच्या अडीचशे ग्रॅम पिठातून २६. एकूण ७४ ग्रॅम. भारी किमतीची डब्यातील चूर्णे न आणता, नेहमीच्या स्वयंपाकघरातच हिशेब पुरा झाला. अडचण असते ती ताटात वरण दोन चमचे व उसळ सणावारी, याची. तेवढे बदलले म्हणजे झाले.

घराचे कर्तव्य

एकत्र कुटुंबात मुलाच्या खेळाविषयी बोलणारे पुष्कळ असतात. आजोबा पदकाची चौकशी करतात, काका शेजारच्या मुलाशी तुलना करतात, आई गुणांची काळजी करते. आमचे सांगणे एवढेच की, निदान एक वर्ष कोणी पदक विचारू नये. ओढून वर येण्याच्या आवृत्त्या दोनाच्या पाच झाल्या काय, उडी घेऊन उतरताना गुडघे सरळ राहतात काय, सकाळी मूल ताजेतवाने उठते काय, हे विचारावे. या प्रश्नांची उत्तरे समाधानकारक असली, म्हणजे खेळही सुधारतोच. आणि यदाकदाचित पदक नाहीच मिळाले, तरी जे अंग कमावले ते वाया जात नाही.

शिवाय ही विद्या मुलांपुरतीच नाही. प्रौढांनीही आठवड्यातून निदान दोन दिवस स्नायू बळकट करणारा व्यायाम करावा, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली सांगितले आहे, आणि साठी उलटलेल्यांसही तिने त्यातून सूट दिलेली नाही. जिना चढताना कठड्याचा आधार घेणाऱ्या आजोबांनी, नातू अंगणात बैठका काढीत असता, शेजारी खुर्ची ठेवून तीवरून हातांचा आधार न घेता दहा वेळा उठून बसावे. नातवास सोबत होईल, आणि कठडाही थोडा कमी झिजेल.